विनामूल्य वस्तू आणि जाहीर अभिप्राय : ग्राहकाचा जाणून घेण्याचा हक्क

मराठी नियतकालिकांत ‘साभार पोच’ नावाचे एक लहानसे सदर पूर्वापार चालत आले आहे. प्रकाशकांनी अभिप्रायासाठी पाठविलेल्या पुस्तकांची नावे, त्यांचे लेखक, प्रकाशक आणि किंमत एवढाच मजकूर त्यात असतो. पुस्तक पाठविणाऱ्यास पोच देणे हा या सदराचा उघड हेतू होय. परंतु त्यातून आणखी एक गोष्ट साधते. हे पुस्तक संपादकांनी विकत घेतलेले नसून ते त्यांच्याकडे भेट म्हणून आलेले आहे, ही माहिती वाचकास आपोआप मिळते. पुढील एखाद्या अंकात त्याच पुस्तकाचे परीक्षण प्रसिद्ध झाले, तर त्यास कितपत महत्त्व द्यावयाचे हे वाचक स्वतः ठरवू शकतो.

आज परीक्षणे केवळ पुस्तकांची होत नाहीत आणि ती केवळ नियतकालिकांतूनही होत नाहीत. भ्रमणध्वनी संच, सौंदर्यप्रसाधने, मिक्सर, बी-बियाणे, शेतीची अवजारे, हॉटेलातील मुक्काम अशा असंख्य गोष्टींविषयी सामान्य माणसे ब्लॉगवर लिहितात किंवा चित्रफिती तयार करतात. लाखो लोक त्या पाहतात आणि त्यांवर विसंबून खरेदी करतात. यांपैकी अनेक वस्तू उत्पादकाने विनामूल्य पाठविलेल्या असतात. मात्र ‘साभार पोच’ देण्याची जुनी रीत या नव्या माध्यमात आपोआप आली नाही. ती शासनाला नियमांच्या रूपाने आणावी लागली. हे नियम काय आहेत, त्यांमागील विचार कोणता आणि आपल्या गावात, शाळेत व कार्यालयात त्यांचा उपयोग कसा करता येईल, याचा परिचय करून देण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

प्रश्नाचे स्वरूप

एक साधे उदाहरण घेऊ. समजा, एका शेतकऱ्याला फवारणीच्या हंगामात बॅटरीवर चालणारा पंप घ्यावयाचा आहे. दुकानात चार-पाच कंपन्यांचे पंप आहेत. दुकानदार स्वतःचा माल खपविणार, हे त्याला ठाऊक आहे. कंपनीची जाहिरात स्वतःची स्तुती करणार, हेही तो जाणतो. म्हणून तो भ्रमणध्वनीवर एका प्रयोगशील शेतकऱ्याची चित्रफीत पाहतो. आपल्यासारखाच शेतात उभा असलेला, आपल्याच बोलीत बोलणारा हा माणूस “मी हा पंप महिनाभर वापरला, उत्तम आहे,” असे सांगतो. त्याच्या शब्दावर विश्वास ठेवून शेतकरी पैसे मोजतो.

तो पंप चित्रफीत करणाऱ्यास कंपनीने भेट दिला होता, ही गोष्ट शेतकऱ्यास माहीत असती तर? कदाचित त्याने तोच पंप घेतला असता. कदाचित त्याने गावातील आणखी दोघांना विचारले असते. निर्णय काहीही झाला असता, तरी तो पूर्ण माहितीच्या आधारे झाला असता. शेतकऱ्याने जाहिरातीपासून दूर जाऊन ज्या ठिकाणी आसरा घेतला, तेथेही एका अर्थी जाहिरातच होती. परंतु तिच्यावर तसा शिक्का नव्हता.

येथे भेट घेणारा मनुष्य खोटेच बोलतो, असे मुळीच नाही. पंप त्याला खरोखरच आवडला असेल. परंतु खाल्ल्या मिठाला जागावे, असे आपली संस्कृती सांगते. उपकाराने माणूस मिंधा होतो, हा सर्वांचा अनुभव आहे. फुकट आलेल्या वस्तूतील उणीव सांगताना जीभ अडखळते. शिवाय पुढची वस्तू येत राहावी, ही इच्छाही मनात कोठेतरी असते. ज्याने स्वतःचे पैसे खर्च केले आहेत, त्याच्या मतापेक्षा हे मत वेगळ्या तराजूत तोलावे लागते. तो तराजू ऐकणाऱ्याच्या हाती देणे, एवढाच प्रकटनाच्या नियमांचा हेतू आहे.

अमेरिकेतील अनुभव

या प्रश्नाचा शासकीय पातळीवर विचार अमेरिकेत बराच आधी झाला. तेथे १९१४ च्या कायद्याने फेडरल ट्रेड कमिशन स्थापन झाले. फसव्या व्यापारी प्रथांना आळा घालणे हे या आयोगाचे एक प्रमुख कार्य होय. जाहिरातींमधील शिफारशींबाबतची मार्गदर्शक तत्त्वे या आयोगाने १९८० पर्यंत तयार केली होती. शिफारस करणारा आणि विक्रेता यांच्यात प्रेक्षकाला सहज कल्पना येणार नाही असा संबंध असेल आणि त्यामुळे शिफारशीच्या विश्वासार्हतेत फरक पडत असेल, तर तो संबंध जाहीर केला पाहिजे, हे त्यातील महत्त्वाचे सूत्र होते.

पुढे ब्लॉगलेखन वाढले, तेव्हा हे सूत्र नव्या माध्यमास लागू आहे काय, असा प्रश्न उपस्थित झाला. ५ ऑक्टोबर २००९ रोजी आयोगाने सुधारित तत्त्वे घोषित केली व १ डिसेंबर २००९ पासून ती अमलात आली. त्यात एक बोलके उदाहरण दिले होते. व्हिडिओ खेळांचा जाणकार म्हणून नाव मिळविलेला एक महाविद्यालयीन विद्यार्थी ब्लॉग लिहितो. एक उत्पादक त्यास नवे खेळयंत्र विनामूल्य पाठवून त्याविषयी लिहिण्यास सांगतो. विद्यार्थी लिहितो आणि स्तुती करतो. अशा वेळी यंत्र विनामूल्य मिळाल्याचे त्याने स्पष्टपणे सांगितले पाहिजे, असे आयोगाने म्हटले. उत्पादकानेही यंत्र देतानाच विद्यार्थ्यास त्याची जाणीव करून द्यावी आणि पुढील लेखनावर लक्ष ठेवावे, अशी अपेक्षा व्यक्त केली. म्हणजेच घेणाऱ्याबरोबर देणाराही उत्तरदायी ठरला.

यावर त्या वेळी बरीच टीका झाली. वृत्तपत्रांतील समीक्षकांनाही पुस्तके विनामूल्य मिळतात. मग बंधन केवळ ब्लॉगलेखकांवर का, असे विचारले गेले. आयोगाचे उत्तर प्रेक्षकाच्या अपेक्षेवर आधारलेले होते. वृत्तपत्राकडे पुस्तके परीक्षणार्थ येतात, ही प्रथा वाचकांना ठाऊक असते आणि त्यामुळे परीक्षणाकडे पाहण्याची त्यांची दृष्टी सहसा बदलत नाही. घरी बसून लिहिणाऱ्या गृहिणीस किंवा विद्यार्थ्यास कंपनी वस्तू पाठवीत असेल, अशी कल्पना मात्र वाचकास येत नाही. जेथे संबंध उघड आहे तेथे खुलासा अनावश्यक. जेथे तो झाकलेला आहे तेथे खुलासा आवश्यक, असा हा विवेक आहे.

ब्लॉगलेखकांना थेट ११,००० डॉलर दंड होणार, अशीही त्या वेळी बोलवा उठली होती. ती खरी नसल्याचे आयोगास सांगावे लागले. लहान लेखकांपेक्षा वस्तू वाटणाऱ्या कंपन्यांवर आयोगाचा मुख्य रोख होता. जानेवारी २०१० मध्ये कपडे विकणाऱ्या एका कंपनीने ब्लॉगलेखकांना नवे कपडे पाहण्यासाठी बोलावून भेटी दिल्या. काहींनी लिहिताना त्या भेटींचा उल्लेख केला नाही. आयोगाने चौकशी केली. परंतु हा एकच प्रसंग होता आणि कंपनीने पुढे लेखी धोरण स्वीकारले, हे पाहून कारवाई न करता प्रकरण बंद केले.

नंतरची प्रकरणे अधिक गंभीर होती. मार्च २०१५ मध्ये ‘लॉर्ड अँड टेलर’ या विक्रेत्याने ५० फॅशन लेखिकांना एक पोशाख भेट दिला व प्रत्येकीस १,००० ते ४,००० डॉलर दिले. एकाच सप्ताहअखेरीस त्यांची छायाचित्रे इन्स्टाग्रामवर झळकली, १ कोटी १४ लाख लोकांपर्यंत पोहोचली आणि पोशाख संपून गेला. पैशाच्या व्यवहाराचा उल्लेख कोठेही नव्हता. २०१६ मध्ये आयोगाने या कंपनीस बंधने मान्य करावयास लावली. त्याच वर्षी ‘वॉर्नर ब्रदर्स’ या कंपनीचे प्रकरण पुढे आले. तेथे खुलासा होता. पण चित्रफितीखालील वर्णनात, ‘अधिक पाहा’ असे दाबल्याशिवाय तो दिसतच नव्हता. जो खुलासा कोणी वाचत नाही तो खुलासा नव्हे, हा धडा या प्रकरणाने दिला.

जून २०२३ मध्ये ही तत्त्वे पुन्हा सुधारण्यात आली. खुलासा नजरेतून निसटणे कठीण असावे आणि सामान्य ग्राहकास तो सहज समजावा, यावर त्यात भर दिला आहे. खोटी परीक्षणे तयार करणे व ती विकत घेणे यांस प्रतिबंध करणारा स्वतंत्र नियमही २१ ऑक्टोबर २०२४ पासून तेथे अमलात आला.

आपल्या देशातील तरतुदी

भारतात या विषयाचा पाया ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ ने घातला. हा अधिनियम २० जुलै २०२० पासून अमलात आला आणि त्याखाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची स्थापना झाली. महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर दडविणारी जाहिरात हीदेखील दिशाभूल करणारी जाहिरात होय, असे या अधिनियमाच्या व्याख्येत म्हटले आहे. म्हणजे खोटे बोलणे हाच दोष नव्हे. सांगावयास हवे ते न सांगणे हाही दोष आहे.

प्राधिकरणाने ९ जून २०२२ रोजी दिशाभूल करणाऱ्या जाहिराती व शिफारशी रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. शिफारस ही शिफारस करणाऱ्याचे खरे मत व्यक्त करणारी असावी आणि ती पुरेशा माहितीवर किंवा अनुभवावर आधारलेली असावी, असे त्यांत सांगितले आहे. शिफारस करणारा आणि उत्पादक, व्यापारी अथवा जाहिरातदार यांच्यात शिफारशीच्या विश्वासार्हतेवर परिणाम करील असा संबंध असेल आणि प्रेक्षकास त्याची वाजवी अपेक्षा नसेल, तर तो पूर्णपणे जाहीर करावा, असे बंधनही त्यांत घातले आहे. ‘साभार पोच’ या जुन्या रीतीतील तत्त्वच येथे कायद्याच्या भाषेत आले आहे.

त्यानंतर २० जानेवारी २०२३ रोजी केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने समाजमाध्यमांवरील नामवंत व प्रभावी व्यक्तींसाठी एक सोपी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. कोणता संबंध जाहीर करावयाचा, हे तीत स्पष्ट केले आहे. रोख रक्कम वा अन्य मोबदला, अटीसह किंवा विनाअट मिळालेली विनामूल्य वस्तू, सवलत, भेट, सहल किंवा हॉटेलातील मुक्काम, पुरस्कार, तसेच कौटुंबिक, वैयक्तिक अथवा नोकरीचे नाते या सर्वांचा त्यात समावेश होतो. ‘विनाअट’ हा शब्द येथे विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. “कंपनीने काही लिहिण्याची अट घातली नव्हती, वस्तू नुसतीच पाठविली होती,” ही सबब चालत नाही.

खुलासा कसा करावा, हेही सांगितले आहे. ‘जाहिरात’, ‘प्रायोजित’ किंवा ‘सशुल्क प्रचार’ यांसारखे सोपे शब्द वापरावेत. छायाचित्र असल्यास खुलासा चित्रावरच ठळक दिसावा. चित्रफितीत तो लेखी आणि तोंडी अशा दोन्ही स्वरूपांत असावा. थेट प्रक्षेपण असेल तर तो सर्व वेळ पडद्यावर राहावा. खूणशब्दांच्या व दुव्यांच्या गर्दीत तो दडपून टाकू नये. ज्या वस्तूचा स्वतः अनुभव घेतलेला नाही किंवा जिच्याविषयी योग्य ती शहानिशा केलेली नाही, तिची शिफारस करू नये.

भाषेचा मुद्दा मराठी वाचकांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. जाहिरातीत दावा ज्या भाषेत केला असेल त्याच भाषेत तिच्यातील अस्वीकृतीची सूचना असावी, असे २०२२ च्या तत्त्वांत म्हटले आहे. हाच न्याय खुलाशालाही लावणे उचित होय. संपूर्ण चित्रफीत अस्सल मराठीत आणि खुलासा मात्र कोपऱ्यात इंग्रजी आद्याक्षरांत, असा प्रकार असेल तर आपल्या उदाहरणातील शेतकऱ्यास त्याचा काय उपयोग? “हा पंप मला कंपनीने फुकट दिला आहे,” हे एकच वाक्य सुरुवातीला स्पष्ट मराठीत उच्चारले, तर त्याहून चांगला खुलासा नाही.

या तरतुदींमागे दंडाचे बळ आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल उत्पादकास किंवा शिफारस करणाऱ्यास १० लाख रुपयांपर्यंत आणि त्यापुढील प्रत्येक उल्लंघनाबद्दल ५० लाख रुपयांपर्यंत दंड करण्याचा अधिकार प्राधिकरणास आहे. शिफारस करणाऱ्यास एक वर्षापर्यंत, आणि पुन्हा उल्लंघन केल्यास तीन वर्षांपर्यंत, शिफारशी करण्यास मनाई करता येते. ज्याने शिफारस करण्यापूर्वी योग्य ती शहानिशा केली असेल, त्याला संरक्षणही दिले आहे.

करविषयक कायद्यानेही या भेटींची दखल घेतली. व्यवसायाच्या निमित्ताने मिळणारा लाभ वर्षाला २०,००० रुपयांहून अधिक असेल, तर देणाऱ्याने त्यावर १० टक्के कर कापावा, अशी तरतूद १ जुलै २०२२ पासून प्राप्तिकर कायद्यात करण्यात आली. वस्तू वापरून परत केली तर तो लाभ नव्हे. स्वतःकडे ठेवली तर तो लाभ होय, असा खुलासा त्या वेळी करण्यात आला. ‘फुकट मिळाले’ म्हणून जे सहज बोलले जाते, ते कायद्याच्या दृष्टीने उत्पन्नच आहे.

दोन गैरसमज

या नियमांविषयी दोन गैरसमज आढळतात. भेट घेणेच गुन्हा आहे, हा पहिला. येथे शासकीय सेवेशी तुलना करणे उपयुक्त ठरेल. शासकीय कर्मचाऱ्याने भेट स्वीकारण्यावर वर्तणूक नियमांनी निर्बंध घातले आहेत. ग्रामपंचायतीच्या कामाच्या ठेक्यात हितसंबंध असलेला सदस्य अपात्र ठरू शकतो. त्यांच्या हाती सार्वजनिक सत्ता असल्यामुळे कायदा तेथे अधिक कठोर आहे. वस्तूचे परीक्षण करणाऱ्याच्या हाती सत्ता नाही, केवळ लोकांचा विश्वास आहे. म्हणून कायदा त्यास भेट घेऊ देतो, मत मांडू देतो, स्तुतीही करू देतो; फक्त ते लपवू नये, एवढेच बजावतो.

खुलासा केला म्हणजे वस्तू चांगली ठरली, हा दुसरा गैरसमज. ‘प्रायोजित’ हा शब्द गुणवत्तेचे प्रमाणपत्र नव्हे. तो सावधगिरीचा इशारा आहे. खुलासा वाचल्यावर ग्राहकाचे काम संपत नाही, तर सुरू होते. किंमत ताडून पाहणे, हमीच्या अटी वाचणे, वापरलेल्या माणसास प्रत्यक्ष विचारणे ही कामे त्याने स्वतःच केली पाहिजेत.

आपण काय करू शकतो?

शिक्षकांना हा विषय वर्गात सहज घेता येईल. एकाच वस्तूविषयीच्या तीन चित्रफिती विद्यार्थ्यांना दाखवाव्यात आणि तीन प्रश्न विचारावेत : ही वस्तू बोलणाऱ्याने विकत घेतली आहे काय? तसे तो सांगतो काय? वस्तूतील एक तरी उणीव त्याने सांगितली आहे काय? आजचे अनेक विद्यार्थी स्वतःही चित्रफिती तयार करतात. त्यांना वहीच्या एका पानावर स्वतःचा खुलासा लिहावयास लावला, तर नियम अधिक चांगला समजेल. २४ डिसेंबर हा राष्ट्रीय ग्राहक दिन आणि १५ मार्च हा जागतिक ग्राहक हक्क दिन या उपक्रमासाठी योग्य होत.

पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत या विषयासाठी दहा मिनिटे राखून ठेवावीत. बियाणे, औषधे, फवारणीची साधने, आरोग्यवर्धक म्हणून विकली जाणारी चूर्णे यांच्या शिफारशी गावात भ्रमणध्वनीवरूनच फिरत असतात. आरोग्याविषयी सल्ला देणाऱ्या तज्ज्ञांनी आपली अर्हता जाहीर करावी, असे १० ऑगस्ट २०२३ च्या अतिरिक्त मार्गदर्शक सूचनांत सांगितले आहे, हेही ग्रामस्थांच्या निदर्शनास आणावे. पंचायतीच्या परिसरातील एखादा तरुण अशा चित्रफिती करून नाव मिळवीत असेल, तर त्याला दंडाची भीती घालण्यापेक्षा नियम समजावून सांगणे अधिक श्रेयस्कर. प्रामाणिक खुलाशाने त्याचा प्रेक्षक दुरावत नाही. उलट त्याच्या पुढील शब्दाला वजन येते.

अधिकाऱ्यांनी तक्रारीचा मार्ग लोकांना नेमका सांगितला पाहिजे. ग्राहक समूहाच्या हिताला बाधा आणणाऱ्या दिशाभूलकारक जाहिरातीविषयी लेखी किंवा इलेक्ट्रॉनिक स्वरूपात जिल्हाधिकारी अथवा केंद्रीय प्राधिकरण यांच्याकडे तक्रार करता येते. आपल्या अधिकारक्षेत्रात चौकशी करून अहवाल देण्याचा अधिकार अधिनियमाने जिल्हाधिकाऱ्यांस दिला आहे. व्यक्तिगत नुकसानभरपाई हवी असल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे लागते. प्राथमिक मार्गदर्शनासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. तक्रार करताना चित्रफितीचा दुवा, ती पाहिल्याचा दिनांक आणि पडद्याचे छायाचित्र जपून ठेवावे. कारण अशी चित्रफीत केव्हाही काढून टाकली जाऊ शकते.

सारांश, विनामूल्य मिळालेल्या वस्तूची किंमत कोणीतरी मोजतच असते. खुलासा नसेल तर ती अंतिमतः आपल्या उदाहरणातील शेतकऱ्यासारखा ग्राहक मोजतो, आणि आपण ती मोजली हे त्याला कधी कळतही नाही. जुन्या संपादकांनी दोन ओळींची ‘साभार पोच’ छापून हे ऋण वाचकांसमोर उघड मांडले होते. आज प्रत्येकाच्या हाती प्रकाशनाचे साधन आले आहे. अशा काळात ती दोन ओळींची सवय प्रत्येकाच्या अंगी बाणणे, हेच या नियमांचे खरे यश ठरेल.